दप्तर उरले, दालन गेले

जॉन गॉल्टची १८२१ साली प्रसिद्ध झालेली ‘अ‍ॅनल्स ऑफ द पॅरिश’ ही कादंबरी एका स्कॉटिश खेड्याचा धर्मोपदेशक सांगतो. १७६० ते १८१० ही पन्नास वर्षे तो सालवार नोंदवीत जातो. लग्ने, मृत्यू, चहाचा शिरकाव, कापसाची गिरणी, अमेरिकेतील युद्धाची झळ, सारे एकाच सुरात. या निवेदनाला वास्तवाचा भक्कम आधार होता. १७९० मध्ये सर जॉन सिंक्लेअर यांनी स्कॉटलंडमधील प्रत्येक पॅरिशच्या धर्मोपदेशकाकडे १६० हून अधिक प्रश्नांची यादी धाडली आणि १७९१ ते १७९९ या काळात त्या उत्तरांचे २१ खंड छापले. आपल्याकडे जे काम कुलकर्ण्याच्या दप्तराने केले, त्यातले बरेचसे तिथे चर्चने केले, असे म्हणावयास हरकत नाही. १८५५ मध्ये सरकारी नोंदणी सुरू होईपर्यंत बाप्तिस्मे व विवाह चर्चच्याच वह्यांत नोंदले जात. १८४५ पर्यंत गोरगरिबांची तजवीजही मुख्यतः तेच करी.

आणि न्यायनिवाडाही! गावातील वडीलधाऱ्यांची ‘कर्क सेशन’ नावाची सभा नीतिभ्रष्टांना सर्वांसमक्ष प्रायश्चित्त घ्यायला लावी. १७८६ मध्ये मॉक्लिनच्या चर्चमध्ये रॉबर्ट बर्न्सला असे प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्याच्या उपरोधाची धार आपण वर्गात समजावतो खरी. परंतु ज्या दालनात तो सर्वांच्या नजरा झेलत होता त्याची रचना ठाऊक नसेल, तर ती धार अर्धीच कळते.

ही रचना पाहावयाची तर क्रोमार्टीचे ईस्ट चर्च पाहावे. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर वेदीचे महत्त्व गेले, प्रवचनाचे वाढले. म्हणून येथे व्यासपीठ लांब भिंतीच्या मध्यावर आहे, समोर काटकोनात काढलेला भाग आहे आणि तिन्ही बाजूंना लाकडी सज्जे आहेत. जमीनदाराचा सज्जा वेगळा. कोण कोठे बसतो यावरून गावाची उतरंड एका दृष्टिक्षेपात वाचता येई. नोंदवहीत नावे एकाखाली एक येतात; उंचीचा फरक तिला दाखविता येत नाही.

ह्यू मिलर हा पुढे नावारूपास आलेला भूगर्भशास्त्रज्ञ व लेखक याच गावचा. तरुणपणी तो पाथरवट होता, थडग्यांचे दगड कोरी. १८४३ च्या फुटीत त्याने आपल्या ‘द विटनेस’ या वृत्तपत्रातून फ्री चर्चची बाजू लढविली. धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकार जमीनदाराचा की मंडळींचा, हा त्या फुटीमागचा कळीचा वाद. साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडले. लॉडर या गावी जन्मलेले आणि १८२९ पासून मुंबईत असलेले जॉन विल्सनही त्यांच्याच बाजूचे. विल्सन कॉलेजच्या इतिहासावर त्या स्कॉटिश भांडणाची सावली आहे. गावोगाव दुसरे चर्च उभे राहिले. १९२९ मध्ये बहुतेकांचे मनोमीलन झाले, इमारती मात्र दुप्पटच राहिल्या.

आता त्या विकल्या जात आहेत. २०२२ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक स्कॉटिश लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे नोंदविले. क्रोमार्टीचे चर्च एका न्यासाने सांभाळले, त्याचा जीर्णोद्धार झाला. हे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते. बहुतेक ठिकाणी घर करावयाचे म्हटले की पहिल्यांदा बाके निघतात, मग सज्जे. जुन्या वह्या एडिनबरोच्या अभिलेखागारात सुखरूप आहेत, जगात कोठेही बसून संगणकावर चाळता येतात. कागद जपला म्हणजे वारसा जपला, हा समज आम्हां वाङ्मयाच्या लोकांना विशेष सोयीचा वाटतो. तो आम्हांला मान्य नाही.

कायद्याने एक विचित्र तडजोड करून ठेवली आहे. १९२५ च्या कायद्यानुसार चर्चभोवतालच्या बहुतेक दफनभूमी स्थानिक प्रशासनाकडे गेल्या. त्यामुळे इमारत कोणीही घेतली तरी भोवतालची थडगी विकली जात नाहीत. नव्या मालकाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात ती, ज्यांची नावे एडिनबरोच्या वह्यांत आहेत अशा माणसांची थडगी.