हिरवळीवर उगवणारी भूछत्रे

पावसाचे पहिले दोन-तीन मोठे सडाके झाले, की साकीनाका, चांदिवली, मरोळ या पट्ट्यातील सोसायट्यांच्या हिरवळीवर एका रात्रीत पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. माळ्याला तातडीने बोलावणे जाते, कोणी फिनाईल ओततो, कोणी चुना टाकतो आणि लहान मुलांना बागेत सोडू नये अशी सूचना फलकावर लागते. यातील सूचना तेवढी योग्य. बाकीच्या उपायांनी गवत जळते. भूछत्रे काही दिवसांनी पुन्हा येतात.

याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. भूछत्र हे बुरशीचे केवळ फळ. खरा जीव म्हणजे मातीखाली पसरलेले पांढऱ्या तंतूंचे कवकजाल. ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे मृत सेंद्रिय पदार्थ कुजवीत असते आणि पुरेशी ओल मिळताच बीजाणू पसरविण्यासाठी छत्री वर काढते. 'भूछत्रांप्रमाणे उगवणे' हा वृत्तपत्रांचा लाडका वाक्प्रचार त्यामुळे अर्धाच खरा आहे. उगवणे रात्रीचे असले तरी तयारी फार आधीची असते.

या परिसरात तयारीला सामग्रीही भरपूर मिळते. कारखान्यांच्या आणि जुन्या दगडखाणींच्या जागी येथे अनेक वसाहती उभ्या राहिल्या. बांधकामानंतर भरावात गाडले गेलेले सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, तोडलेल्या झाडांची मुळे आणि वरून पसरलेली लाल माती व अर्धवट कुजलेले शेणखत, अशा थरांवर हिरवळ अंथरलेली असते. पोडियमवरील बागेत मातीचा थर उथळ आणि खाली काँक्रीट. पाणी वाहून नेणारे मार्ग तुंबले की ओल हटत नाही. शेणखतावर येणाऱ्या नाजूक, काही तासांत काळ्या शाईसारख्या विरघळणाऱ्या छत्र्या खत पूर्ण कुजले की थांबतात. लाकडावर पोसणारी बुरशी मात्र लाकूड संपेपर्यंत दरवर्षी हजेरी लावते. गवताला यातील बहुतेक जातींचा उपद्रव नसतो. उलट कुजण्यातून सुटलेल्या नत्रामुळे भूछत्रांच्या वर्तुळाभोवती गवत अधिक गर्द दिसते.

धोका आहे तो खाण्यात. उपनगरांत कोकणातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणाऱ्या अळंबीची चव त्यांना ठाऊक असते. पण ती अळंबी वाळवीच्या वसाहतीशी बांधलेली असते. शहरी हिरवळीवर येणारे मोठे, पांढरे, तपकिरी खवल्यांचे भूछत्र बहुधा 'क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस' असते. कोवळेपणी त्याच्या टोपीखालील पडद्या पांढऱ्याच असल्याने ते खाण्याजोगे वाटते. पक्व झाल्यावर त्या हिरवट होतात. टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवल्यास हिरवट भुकटी पडते. ते खाल्ल्यास एक ते तीन तासांत तीव्र उलट्या व जुलाब सुरू होतात. लहान मुलांना आणि कुत्र्यांना शरीरातील पाणी कमी झाल्याने त्याचा विशेष त्रास होतो.

अमानिटा आणि लेपिओटा गटांतील काही जाती याहून घातक आहेत. त्यांतील विषाची लक्षणे सहसा सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. मग रुग्णाला बरे वाटू लागते आणि त्याच सुमारास यकृत निकामी होऊ लागते. शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये रानातील भूछत्रे खाऊन १३ जण दगावले. त्यांत चहामळ्यांतील कुटुंबांचा समावेश होता. चांदीचा चमचा काळा पडणे, लसूण वा तांदळाचा रंग बदलणे, किड्यांनी खाल्लेले असणे या घरगुती कसोट्यांपैकी एकही विश्वासार्ह नाही. कोणी भूछत्र खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि उरलेले भूछत्र कागदात गुंडाळून सोबत न्यावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते लवकर सडते व ओळखणे कठीण होते. नुसत्या स्पर्शाने विषबाधा होत नाही; हात धुणे पुरेसे.

लहान मुले किंवा कुत्री फिरतात तेथे भूछत्रे रोज सकाळी, टोपी उघडण्यापूर्वीच, देठासह उपटून पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावीत. यंत्राने कापल्यास त्यांचे तुकडे गवतातच राहतात. पावसाळ्यात तुषारसिंचन बंद ठेवावे (अनेक ठिकाणी ते केवळ सवयीने चालू असते), निचऱ्याची भोके मोकळी करावीत, गवताच्या बुडाशी साचलेला वाळका थर दाताळ्याने काढावा आणि माती काट्याने टोचून सैल करावी. एकाच जागी दरवर्षी झुबका येत असेल, तर तेथे सुमारे तीस सेंटिमीटर खणून पाहावे. लाकडाचा तुकडा वा मुळे सापडली तर काढून टाकावीत. कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशके फवारण्याचा आग्रह माळी धरतात. मात्र वरून मारलेले औषध खोलवरच्या लाकडातील कवकजालापर्यंत पोहोचत नाही, आणि ज्या हिरवळीवर मुले खेळतात तेथे ते मारण्यात शहाणपण नाही.

एक प्रकार मात्र हिरवळीचा नव्हे, झाडाचा आजार दाखवतो. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष किंवा नारळाच्या बुंध्याशी लाकडासारखी कठीण, तपकिरी, फळीच्या आकाराची बुरशी दिसली, तर ती बहुधा गॅनोडर्मा असते आणि मुळे किंवा बुंधा आतून कुजत असल्याची ती खूण असते. अशी झाडे वादळी वाऱ्यात उन्मळून पडू शकतात. बुरशी खरवडून काढल्याने केवळ खूण नाहीशी होते, कूज तशीच राहते. सोसायटीने महापालिकेच्या आपल्या विभागातील उद्यान खात्याकडे लेखी अर्ज करून झाडाची पाहणी करून घ्यावी. झाड सोसायटीच्या आवारात असले तरी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय ते तोडता येत नाही; म्हणून हा अर्ज पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, बुरशी दिसल्या दिवशीच करावा.