बुडबुड्यांचं व्याकरण

कणभौतिकीतल्या संगणकांचा इतिहास सांगायला बसलं की लोक जिनिव्हाच्या सर्न संस्थेपासून सुरुवात करतात. मला तो मुंबईच्या कुलाब्यातून सांगावासा वाटतो. त्यात आर. नरसिंहन नावाचा एक माणूस आहे आणि भाषा शिकवणाऱ्यांना तरी त्याचं नाव ठाऊक असायला हवं.

आधी त्यांच्यापुढचा प्रश्न. डोनाल्ड ग्लेसर यांनी १९५२ साली बबल चेंबर तयार केलं. उकळण्याच्या बेतात असलेल्या द्रवातून विद्युतभारित कण गेला की त्याच्या वाटेवर बुडबुड्यांची रांग उमटते. त्याच क्षणी फोटो काढायचा. चुंबकामुळे वाट वाकते आणि तो वाक मोजून कणाचा संवेग कळतो. एकेका प्रयोगात असे लाखो फोटो निघत. ते बघायचे कोणी? बहुतेक ठिकाणी हे काम बायका करत. मोठा केलेला फोटो टेबलावर पाडून दिवसभर रेघा न्याहाळायच्या. त्यांना ‘स्कॅनर’ म्हणत. निबंधावर त्यांचं नाव सहसा नसे. १९७३ मध्ये सर्नच्या गार्गामेल चेंबरच्या फोटोंतच अब्दुस सलाम, वाईनबर्ग आणि ग्लॅशो यांच्या सिद्धांताला मोठा पुरावा सापडला. १९७९ चं नोबेल तिघांना मिळालं. सलामांचं नाव आपण अभिमानानं घेतो (त्यांच्याच देशानं त्यांच्या जमातीला मुसलमान मानायला नकार दिला, ते दुःख वेगळं). त्या रेघा शोधणारे डोळे मात्र बेनामच राहिले.

नरसिंहन १९५४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्यांच्या चमूनं बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. त्याच्या स्मृतीत जेमतेम १०२४ शब्द मावत. पुढे १९६१ ते ६४ ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात होते. तिथे ‘इलियाक ३’ हे यंत्र घडत होतं, तेही खास बबल चेंबरचे फोटो वाचण्यासाठी. नरसिंहन यांचं म्हणणं असं, की साठवलेल्या नमुन्याशी चित्र ताडून भागणार नाही. चित्राचं वर्णन करता आलं पाहिजे. ठिपक्यांची रेघ होते, रेघांची वाट होते, वाटा एका बिंदूत मिळतात. कशाला काय जोडता येतं, याचे नियम यंत्राला द्या. म्हणजे व्याकरणच की! उर्दूत ‘बे’ सुटा असताना एक दिसतो, शब्दाच्या सुरुवातीला दुसरा, मध्ये तिसरा. मूल प्रत्येक शब्दाचं चित्र पाठ करत नाही, जोडणीची रीत शिकतं. इलियाक ३ १९६८ च्या आगीत जळालं. कल्पना टिकली.

१९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० आला आणि देशभरातल्या संस्थांची गणितं कुलाब्यात सुटू लागली. आज हीच संस्था सर्नच्या जगभर पसरलेल्या संगणक-जाळ्यातलं, म्हणजे ग्रिडमधलं, दुसऱ्या स्तराचं केंद्र आहे. सीएमएस प्रयोगाच्या माहितीचं विश्लेषण तिथे चालतं. अ‍ॅलिस प्रयोगासाठी तसंच केंद्र कोलकात्यात आहे.

आमच्या कळसाडीकडे ‘डेटा’ म्हटलं की आधार आठवतं. देशातलं पहिलं आधार कार्ड याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. आधारमध्ये एकही माणूस गाळून चालत नाही. सर्नच्या यंत्रात मात्र गाळणं हेच पहिलं काम. सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून जातात. सीएमएसची पहिली चाळणी काही मायक्रोसेकंदांत त्यातले लाखभर ठेवते, दुसरी साधारण हजार. ग्रिडवर पोचतं ते एवढंच. गार्गामेलची फिल्म शंका आली तर पुन्हा दिव्याखाली धरता येत होती. चाळणीच्या नियमात न बसलेल्या टकरीचा मात्र कुठेच फोटो उरत नाही.