महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांमधील महिला नेतृत्व

महाराष्ट्रातील ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर पंचायत, नगर परिषद आणि महानगरपालिका या स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. १९९० मध्ये राज्याने ३० टक्के आरक्षण लागू केले. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर त्याला घटनात्मक आधार मिळाला आणि २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्के झाले. या आरक्षणामुळे हजारो महिला सदस्य, सरपंच, सभापती, अध्यक्ष, नगराध्यक्ष व महापौर या पदांवर निवडून आल्या. मात्र आरक्षण सोडतीने व आळीपाळीने बदलत असल्यामुळे एका कार्यकाळात मिळवलेला अनुभव पुढच्या कार्यकाळात उपयोगी पडेलच असे नाही. त्यामुळे महिलांचा प्रवेश आणि त्यांच्या नेतृत्वाचे सातत्य हे दोन प्रश्न या विषयाच्या अभ्यासात वेगवेगळे मानले जातात.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यपूर्व काळात स्थानिक संस्थांमधील महिलांचा सहभाग मुख्यतः शहरांपुरता आणि सुशिक्षित वर्गापुरता मर्यादित होता. सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सदस्य म्हणून काम केले. १९५६ मध्ये सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

ग्रामीण भागात महिलांचा समावेश प्रारंभी स्वीकृत सदस्य म्हणून करण्याची पद्धत होती. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये पंचायत समितीवर दोन महिलांना स्वीकृत करून घेण्याची शिफारस केली. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. या व्यवस्थेतही महिलांची उपस्थिती नाममात्र राहिली. निवडून न येता नियुक्त झालेल्या सदस्येमागे मतदारांचे पाठबळ नसे आणि तिची निवड बहुधा प्रस्थापित पुढाऱ्यांच्या इच्छेवर अवलंबून असे.

याला काही अपवादही होते. पुणे जिल्ह्यातील निंबुत येथे १९६० च्या दशकातच सर्व सदस्य महिला असलेली ग्रामपंचायत कारभार पाहत होती. १९८० च्या दशकात या प्रयोगांना चळवळीचे बळ मिळाले. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे भरले. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील या संघटनेने त्यानंतर स्थानिक निवडणुकांत महिलांची पॅनेले उभी करण्याची भूमिका घेतली. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे सर्व-महिला पॅनेल निवडून आले. शेतजमिनीचा काही हिस्सा पत्नीच्या नावे करण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीमही याच संघटनेने राबवली. सत्तेतील वाटा आणि मालमत्तेतील वाटा या दोन मागण्या त्यातून एकत्र आल्या.

कायदेशीर तरतुदी

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अंमलात आली. अनुच्छेद २४३-ड नुसार पंचायतींमधील थेट निवडणुकीने भरावयाच्या किमान एकतृतीयांश जागा आणि अध्यक्षपदे महिलांसाठी राखीव असतात. त्यांत अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींच्या महिलांच्या जागांचा समावेश असतो. नागरी संस्थांसाठी तशी तरतूद अनुच्छेद २४३-ट मध्ये आहे. नगराध्यक्ष व महापौर या पदांचे आरक्षण ठरवण्याचा अधिकार मात्र राज्य विधिमंडळाकडे सोपवलेला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आपले संबंधित कायदे या दुरुस्त्यांशी सुसंगत केले. त्याच वर्षी राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला आणि राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर झाले.

राज्य कायद्यांतील आणि आदेशांतील पुढील तरतुदी महिलांच्या सहभागाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत :

- नियमित ग्रामसभेपूर्वी गावातील महिला मतदारांची स्वतंत्र महिला ग्रामसभा घेणे आवश्यक आहे.
- जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण समिती ही स्वतंत्र विषय समिती असते आणि महिला व बालकल्याणासाठी उत्पन्नाच्या १० टक्के निधी राखून ठेवावा लागतो.
- महिलांसाठी राखीव पदावरील महिला सरपंचाविरुद्धचा अविश्वास ठराव संमत होण्यासाठी तीनचतुर्थांश बहुमत लागते.
- गावातील किंवा प्रभागातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी गुप्त मतदानात बंदीच्या बाजूने मत दिल्यास तेथील दारूचे दुकान बंद करता येते. हे मतदान ‘आडवी बाटली’ या नावाने ओळखले जाते.

सरपंचाची निवड थेट मतदारांनी करावी की सदस्यांनी, याबाबतचा कायदा अल्पावधीत अनेकदा बदलला. थेट निवड २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. थेट निवडून आलेल्या महिला सरपंचाला संपूर्ण गावाचा कौल मिळालेला असतो. परंतु सदस्यांचे बहुमत विरोधी गटाकडे असल्यास मासिक सभेत तिचे ठराव अडू शकतात.

आरक्षणाचे चक्रानुक्रम

कोणता प्रभाग, गण, गट किंवा सरपंचपद महिलांसाठी राखीव असेल हे निवडणुकीपूर्वी सोडतीने ठरते आणि पुढील निवडणुकीत ते बदलू शकते. अधिकाधिक गावांतील व समाजघटकांतील महिलांना संधी मिळावी हा यामागील हेतू आहे. जिल्हा परिषद अध्यक्ष व महापौर यांचा कार्यकाळ अडीच वर्षांचा असल्याने तेथे हे चक्र अधिक वेगाने फिरते.

या पद्धतीचा दुसरा परिणाम नेतृत्वाच्या जडणघडणीवर होतो. नव्याने निवडून आलेल्या सरपंचाला १ ते ३३ क्रमांकांचे ग्रामपंचायत नमुने, अंदाजपत्रक, करआकारणी, ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखडा, निविदा प्रक्रिया आणि पंचायत समितीकडील पाठपुरावा समजून घेण्यास बराच काळ लागतो. ही माहिती आत्मसात होईपर्यंत कार्यकाळाचा मोठा भाग संपतो. पुढील निवडणुकीत पद खुले झाले की राजकीय पक्ष व स्थानिक गट बहुधा पुरुष उमेदवाराला पसंती देतात. खुल्या जागेवर उभ्या राहणाऱ्या महिलेला ‘तुमची जागा आता गेली’ असे सांगितले जाते. वस्तुतः खुली जागा पुरुषांसाठी राखीव नसते आणि तेथे निवडणूक लढवण्यास महिलांना कोणतीही कायदेशीर आडकाठी नाही.

या संदर्भात राज्यशास्त्रज्ञ रिखिल भवनानी यांनी मुंबई महानगरपालिकेच्या १९९७ व २००२ च्या निवडणुकांच्या आधारे केलेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वारंवार उद्धृत केला जातो. आधीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव असलेला प्रभाग खुला झाल्यावर तेथून महिला निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत सुमारे पाचपट असल्याचे त्यात आढळले. आरक्षणामुळे निवडणूक जिंकू शकणाऱ्या महिला राजकारणात येतात आणि महिला उमेदवार विजयी होऊ शकते हे पक्षांनाही उमगते, अशी त्याची कारणमीमांसा करण्यात आली. तरीही अशा प्रभागांतून विजयी होणाऱ्या महिला अल्पसंख्यच राहिल्या.

पश्चिम बंगालमधील एका अभ्यासात लागोपाठ दोन निवडणुकांत प्रधानपद राखीव राहिलेल्या ठिकाणी महिला नेत्यांविषयीचा मतदारांचा पूर्वग्रह कमी झाल्याचे आणि नंतर अधिक महिला निवडून आल्याचे दिसले. तमिळनाडूत एकच आरक्षण सलग दोन कार्यकाळ, म्हणजे दहा वर्षे, कायम ठेवण्याची पद्धत आहे. महाराष्ट्रातही चक्रानुक्रमाचा कालावधी वाढवावा, अशी मागणी या आधारे केली जाते. तसे केल्यास इतर गावांतील महिलांना संधीसाठी अधिक काळ थांबावे लागेल, असा प्रतिवाद केला जातो.

कारभारातील कार्य

एस्थर दुफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय यांनी पश्चिम बंगाल व राजस्थान येथे केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यासारख्या, महिलांनी मांडलेल्या गरजांवर अधिक गुंतवणूक केल्याचे आढळले. महाराष्ट्रातील सर्व-महिला पंचायतींचा परामर्श बिशाखा दत्ता यांनी संपादित केलेल्या १९९८ मधील अभ्यासग्रंथात घेतलेला आहे.

पाणीपुरवठा, शौचालये, अंगणवाडी, शाळेची इमारत आणि दारूबंदी हे महिला सदस्यांनी लावून धरलेले विषय म्हणून प्रामुख्याने पुढे येतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे व मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने अन्य ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. महिलांच्या नेतृत्वाला केवळ ‘महिलांच्या विषयां’पुरते मर्यादित ठेवण्यावर मात्र टीका होते. महिला व बालकल्याण समितीचे सभापतिपद महिलेला सहज मिळते. बांधकाम, अर्थ आणि स्थायी समिती या मोठ्या निधीच्या समित्यांवर तिला तुलनेने क्वचित स्थान मिळते.

अडथळे

निवडून आलेल्या महिलेऐवजी पती, सासरा किंवा मुलगा कारभार चालवत असल्यास त्याला ‘सरपंचपती’ किंवा ‘पतीराज’ म्हटले जाते. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने नेमलेल्या समितीने २०२५ मधील अहवालात अशा प्रातिनिधिक कारभाराविरुद्ध कठोर दंडाची शिफारस केली. ग्रामनिधीच्या धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक (२०२४ पासूनचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांची संयुक्त स्वाक्षरी असते. त्यामुळे नातेवाइकाच्या सांगण्यावरून केलेल्या स्वाक्षरीची जबाबदारीही कायद्याने त्या महिलेवरच येते.

अपात्रतेच्या तरतुदींचा भार महिलांवर वेगळ्या प्रकारे पडतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य जन्मल्यास उमेदवार अपात्र ठरतो. पण अपत्यांच्या संख्येचा निर्णय अनेक घरांत महिलेच्या हाती नसतो. राखीव प्रवर्गातून निवडून आल्यास जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर करावे लागते. विवाहित महिलेची जात वडिलांच्या बाजूने ठरत असल्याने तिला माहेरच्या पिढ्यांची कागदपत्रे मिळवावी लागतात.

अपात्रतेच्या तक्रारींचा वापर महिलांना पदावरून दूर करण्यासाठी होतो, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचाला, ती शासकीय जमिनीवरील घरात राहते या तक्रारीवरून अपात्र ठरवण्यात आले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. महिला सरपंच म्हणून निवडून आली हे गावकऱ्यांना पचनी न पडल्याचे हे उदाहरण असल्याचे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले आणि लोकनियुक्त महिला प्रतिनिधीला हटवण्याचा विषय अधिकाऱ्यांनी सहजतेने घेऊ नये असे बजावले.

निवडणुकाच लांबल्याने निर्माण होणारा खंड हा आणखी एक अडथळा आहे. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाच्या वादामुळे २०२२ पासून अनेक महानगरपालिका व जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. या काळात पहिला कार्यकाळ संपलेल्या अनेक सदस्यांना पुढील संधीसाठी तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले.

प्रशिक्षण आणि क्षमताबांधणी

लोकप्रतिनिधी व कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे काम पुण्यातील यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी (यशदा) करते. नागरी संस्थांसाठी मुंबईतील अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था प्रशिक्षण देते. महिला राजसत्ता आंदोलनाने ग्रामपंचायतींतील महिला सदस्यांचे संघटन व प्रशिक्षण केले आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ अभियान यांच्या बचत गटांतूनही अनेक महिला पंचायतीत आल्या. गटाची बैठक चालवणे, हिशेब ठेवणे आणि बँकेशी व्यवहार करणे या कामांचा अनुभव त्यांना उपयोगी पडतो.

प्रशासकीय सेवेतील महिला

लोकप्रतिनिधींबरोबरच ग्रामपंचायत अधिकारी, गटविकास अधिकारी, मुख्याधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी या पदांवरही महिला काम करतात. राज्य शासकीय सेवेत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांच्या वाटचालीत एक मूलभूत फरक आहे. अधिकाऱ्याला ज्येष्ठता, विभागीय परीक्षा व पदोन्नती यांची निश्चित शिडी उपलब्ध असते. सदस्येसाठी अशी शिडी नसते. पाच वर्षांनंतर तिचा अनुभव पक्षाने किंवा मतदारांनी मान्य केला तरच पुढची पायरी मिळते.

उच्च पातळीवरील वाटचाल

स्थानिक संस्थांतून पुढे गेलेल्या महिलांत शोभा बच्छाव (नाशिकच्या माजी महापौर, नंतर आमदार व खासदार), मेधा कुलकर्णी व माधुरी मिसाळ (दोघीही पुण्याच्या माजी नगरसेविका) आणि स्मिता वाघ (जळगाव जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष, नंतर खासदार) यांचा समावेश होतो. कोथळीच्या सरपंच व जिल्हा परिषद सदस्य राहिलेल्या रक्षा खडसे २०१४ मध्ये खासदार आणि २०२४ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री झाल्या. यांपैकी काहींना राजकीय घराण्याचे पाठबळ होते. असे पाठबळ नसलेल्या महिलेसाठी पंचायतीपासून विधानसभेपर्यंतचा मार्ग अद्याप अरुंद आहे. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांकडे असताना, २८८ सदस्यांच्या विधानसभेत २०१९ मध्ये २४ आणि २०२४ मध्ये २१ महिला निवडून आल्या.

१०६ व्या घटनादुरुस्तीने २०२३ मध्ये लोकसभा व विधानसभांत एकतृतीयांश महिला आरक्षणाची तरतूद केली. तिची अंमलबजावणी जनगणना व त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडलेली आहे. या जागांसाठी अनुभवी उमेदवार उपलब्ध होण्याच्या दृष्टीने तीन दशकांत स्थानिक संस्थांत काम केलेल्या महिलांकडे पाहिले जाते.

हे सुद्धा पहा

- पंचायती राज
- ग्रामसभा
- महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोग
- शेतकरी संघटना
- यशदा