दगडफूल आणि दादासाहेबांचा वाटाणा

औंधच्या डोंगरावर यमाईच्या मूळपीठाकडे जाताना वाटेत श्रीभवानी संग्रहालय लागते. श्रीमंत बाळासाहेब ऊर्फ भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली ते उभारले. राजा स्वतः चित्रकार. संस्थान लहान, पण चित्रांची भूक मोठी! चित्रकार बरोबर घेऊन त्यांनी अजिंठ्याची चित्रे उतरवून घेतली आणि १९३२ साली त्यांवर पुस्तकही काढले. त्यांच्या संग्रहात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, तसे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘आई आणि मूल’ हे शिल्पही आहे. शाळेची मुले घेऊन मी तेथे अनेकदा जातो. रविवर्म्यापुढे मुले गप्प उभी राहतात. मूरपुढे आली की एखादा विचारतोच, “सर, हे काय आहे?”

या ‘काय आहे?’चे उत्तर मला बरीच वर्षे देता येत नव्हते. ते सापडले शेवटी आमच्या मसाल्याच्या सामानात.

फोटो काढण्याचा मला नाद आहे. अर्थात निव्वळ हौशी. सूक्ष्म वस्तूंसाठी मिळणारे महागडे भिंग परवडत नाही, म्हणून कॅमेऱ्याचे साधे भिंगच उलटे करून बसवतो. नेहमीचे भिंग बाहेरचे मोठे जग आत लहान करून आणते. उलटे लावले की जवळचे इवलेसे मोठे होऊन उतरते. मात्र स्पष्ट दिसतो तो भाग जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीएवढा. नुसता श्वास सोडला तरी चित्र बिघडते.

मागल्या दिवाळीपूर्वी बायको गोड्या मसाल्याचे सामान निवडत होती. सुपातले दगडफूल उचलून मी खिडकीच्या तिरप्या उजेडात धरले. फोटोत दगडफूल उरलेच नाही! राखाडी लाटा, काळ्या कपारी, फाटलेले किनारे. घरात कोणालाच ते ओळखता येईना.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रियेचे नाव काढले की ती म्हणे, “आहे तेवढी नजरही गेली तर?” तो फोटो मोठा छापून आणला, तेव्हा नाकाशी धरून ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “हा कृष्णाकाठ आहे. पूर ओसरल्यावरचा. माझ्या माहेरचा.” पन्नास वर्षे जे तिने मुठीने मसाल्यात घातले, ते तिने त्या दिवशी प्रथमच पाहिले. कारण या वेळी त्याचे नाव तिला कोणी सांगितले नव्हते.

त्या रात्री मी तिला दादासाहेब फाळक्यांची हकिकत सांगितली. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा माणूस चित्रकला शिकला, फोटोग्राफी शिकला, छपाईच्या धंद्यात पडला. चाळिशीत त्याला चलच्चित्राचे वेड लागले. चित्रपट पाहून पाहून आणि रात्रंदिवस प्रयोग करून डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ त्याला दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली तो विलायतेला गेला आणि कॅमेऱ्याची मागणी नोंदवून आला.

पुढे मोठ्या चित्रपटासाठी भांडवल हवे होते. ते देणाऱ्याची खात्री पटवायला दादासाहेबांनी काय दाखवावे? एक वाटाणा! वाटाणा पेरलेली कुंडी कॅमेऱ्यापुढे ठेवून महिनाभराहून अधिक काळ ते थोडे थोडे चित्रण करीत राहिले. पडद्यावर अवघ्या मिनिटभरात माती दुभंगली, कोंब वर आला आणि वेल डोलू लागला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या लघुपटाचे नाव. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तो ३ मे १९१३ रोजी. वाटाणा त्याच्या आधीचा. लहानाला मोठे करावे तसे दादासाहेबांनी संथाला चपळ केले. जे रोज समोर असूनही दिसत नाही, ते दिसू लागले.

जर्मनीत त्याच काळी कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचा एक कलाशिक्षक घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने कोंब, देठ आणि पाने यांचे मोठे फोटो घेत होता. काही तर तीसपटीपर्यंत मोठे. छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण त्याचे झालेले नव्हते. विद्यार्थ्यांना नक्षीची घडण कळावी, एवढाच हेतू. १९२८ साली त्या फोटोंचे पुस्तक निघाले आणि नेच्याच्या गुंडाळलेल्या कोंबात लोकांना लोहाराने घडवलेली कमान दिसू लागली.

आईला या जर्मन मास्तरात गोडी नव्हती. तिने एवढेच विचारले, “फाळक्यांना पुन्हा नीट दिसायला लागलं ना?” मी होय म्हटले. पौषात तिने एका डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि चैत्रात दुसऱ्या.

आता मूरपुढे एखाद्या मुलाने ‘हे काय आहे?’ विचारले, तर मी म्हणतो, “नाव मागाहून सांगतो. आधी काय दिसतं ते सांग.” उत्तरे भरपूर येतात, आणि मुले तेथून लवकर हलत नाहीत.

डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर घरी येताच आईने भिंतीवरचा फोटो जवळून पाहिला. पाहिला आणि हिरमुसली.

“अगंबाई, हे तर दगडफूल!” ती म्हणाली. “माझी नदी कुठं गेली?”