धूळपाटीचा परतीचा प्रवास

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पायाभूत साक्षरतेची चर्चा करताना एक छोटा परिच्छेद येतो. एका विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्याला एकास एक शिकवणे अत्यंत परिणामकारक ठरते, असे जगभरातील अभ्यासांतून दिसले आहे. तेव्हा प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनी हे काम स्वेच्छेने आणि आनंदाने करावे, असा त्याचा आशय. आशयाशी भांडण नाही. 'जगभरातील अभ्यास' हे शब्द वाचताना मात्र इतिहासाच्या वाचकाला थोडे हसू येते. जगाने ही गोष्ट जिथून उचलली असे सांगितले जाते, ती जागा याच देशातल्या एका शाळेची ओसरी होती. 'असे सांगितले जाते' हे शब्द मुद्दाम वापरतो आहे. कारण या कथेत घडलेले आणि आपल्याला हवेसे वाटणारे यांची सरमिसळ फार झाली आहे.

अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८७ मध्ये भारतात आला आणि १७८९ मध्ये मद्रासच्या लष्करी अनाथालयातील शाळेचा अधीक्षक झाला. शाळेत युरोपीय सैनिकांची मुले होती. पुष्कळांच्या माता भारतीय होत्या. मुले मुळाक्षरांतच रेंगाळत आणि शिक्षकांना त्याचे काही वाटत नसे. एके सकाळी घोड्यावरून जाताना बेलला एका देशी शाळेतली मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना दिसली. तो 'सापडले, सापडले' असे ओरडत घोडा दौडवीत परतला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. चरित्रकारांना असे प्रसंग आवडतातच. बेलने आपल्या शिक्षकांना वाळूचा प्रयोग करायला सांगितले. त्यांनी 'हे जमणार नाही' म्हणून अंग काढून घेतले. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला अक्षरांच्या वर्गावर बसवले. त्याला ते जमले. मग इतर वर्गांवरही मुलेच शिकवू लागली. १७९६ मध्ये बेल मायदेशी परतला आणि १७९७ मध्ये लंडनला त्याने या प्रयोगाचा वृत्तान्त छापला.

येथे थोडे थांबले पाहिजे. बेलने त्या सकाळी पाहिली ती वाळू. मुलाने मुलाला शिकवणे ही गोष्ट त्याच्या शाळेत आली ती पगारी शिक्षकांच्या नकारातून. 'आमची पद्धत इंग्रजांनी चोरली' हे आपले लाडके विधान म्हणूनच जसेच्या तसे टिकत नाही. पण उलट बाजूही तितकीच भक्कम आहे. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी कर्नाटकातून जात असताना त्याला चार मुले एकत्र बसून अंकगणित घोकताना आढळली. ती सुरात म्हणत आणि म्हणताना वाळूत बोटाने लिहीत. जागा भरली की पुसून पुन्हा वाळू पसरत. जवळ गुरू नव्हता. अडले तर चूक कोण सुधारणार, असे त्याने विचारले. चौघेही एकाच वेळी एकाच ठिकाणी अडतील हे शक्य नाही, म्हणूनच आम्ही एकत्र बसतो, असा मुलांच्या उत्तराचा भाव होता. परस्परशिक्षणाचे याहून नेमके समर्थन माझ्या तरी वाचनात नाही. पुढे १८१४ मध्ये खुद्द ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी बंगालला पाठवलेल्या खलित्यात हिंदुस्थानातील या प्राचीन पद्धतीचा गौरव केला आणि बेलच्या द्वारे ती इंग्लंडात स्वीकारली गेल्याचे मान्य केले. धरमपाल यांच्या 'द ब्यूटिफुल ट्री' (१९८३) या ग्रंथामुळे हे पुरावे सर्वपरिचित झाले.

मराठी मुलखातल्या पंतोजींच्या शाळेचे कामकाज समजून घेतले तर ही पद्धत कशातून आली ते उमगते. पंतोजी एक, मुले निरनिराळ्या वयांची, छापील पुस्तक नाही. आजच्या अर्थाने इयत्ता नाही. कुणी धूळपाटीवर श्रीगणेशा गिरवतो आहे, कुणी पावकी-निमकीवर आहे, कुणी मोडीचे वळण घोटतो आहे. अशा ठिकाणी पुढे गेलेल्या मुलाने मागच्याचे बोट धरून गिरवून घेणे, परवच्याला एकाने सांगावे आणि बाकीच्यांनी मागोमाग म्हणावे, हे कुणाच्या शिक्षणशास्त्रीय प्रतिभेतून निघालेले नव्हते. ती गरज होती. पण त्या गरजेला एक फळ होते: शिकवणारा मुलगा स्वतःही शिकणाराच असे, त्याच सारवलेल्या जमिनीवर बसलेला. दिडकी धाकट्याकडून म्हणवून घेताना ती त्याची स्वतःची पक्की होई. अर्थात या शाळेचे गोडवे फार गाऊ नयेत. छडी आणि अंगठे धरून उभे राहणे हेही तिथलेच, आणि वडीलकीचा अधिकार हाती आलेला मुलगा तो नेहमी मायेनेच वापरत असेल असे मानण्याचे कारण नाही.

हीच गोष्ट लंडनला पोचल्यावर तिचे यंत्र झाले. जोसेफ लँकेस्टर या क्वेकर तरुणाने १७९८ पासून साउथवर्क भागात गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवली. एक शिक्षक, शेकडो मुले, दर दहा-बारा मुलांमागे एक मॉनिटर. पुस्तकांऐवजी भिंतीवर टांगलेले मोठे तक्ते, कारण एका तक्त्यावर अनेकांचे भागते. धूळपाटी इथेही आली, वाळू पसरलेल्या मेजाच्या रूपाने. लँकेस्टरला छडी मान्य नव्हती. त्याऐवजी गळ्यात लाकडी ओंडका अडकवणे, टोपलीत घालून छताला टांगणे अशा शिक्षा होत्या. पद्धत मूळ कुणाची यावरून बेल आणि लँकेस्टर यांच्या पक्षांत जोरदार वाद झाला. त्यामागे खरे भांडण चर्च ऑफ इंग्लंड आणि इतर पंथ यांचे होते. इंग्रजी कवितेच्या विद्यार्थ्यांना गंमत वाटेल, की कोलरिज आणि रॉबर्ट साउदी हे दोघेही बेलच्या बाजूने या वादात उतरले होते. १८४६ पासून इंग्लंडात पगारी उमेदवार-शिक्षकांची व्यवस्था आली आणि मॉनिटरांचे युग ओसरले. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे बेलच्या देणगीतून १८३३ मध्ये उभी राहिलेली शाळा मात्र अजूनही 'मद्रास कॉलेज' म्हणूनच ओळखली जाते.

आता परतीचा प्रवास. १८२० मध्ये मुंबईत देशी शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी एक समिती स्थापन झाली. १८२७ पासून ती 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची नावे मराठी गद्याच्या अभ्यासकांना या संस्थेमुळेच ठाऊक असतात. देशी शाळांत पुस्तके नाहीत, पद्धत नाही, तयार शिक्षक नाहीत, पैसा नाही, असे तिचे निदान होते. पद्धत नाही यावर तिला सुचलेला उपाय कोणता? लँकेस्टरची पद्धत! ज्या पंतोजीचे बाप-आजे थोरल्या मुलाकडून धाकट्याला गिरवून घेत आले, त्यालाच ही नवी इंग्रजी रीत म्हणून शिकवायची होती. मुंबई कौन्सिलचे सदस्य प्रेंडरगास्ट यांनी तर १८२१ मध्येच लिहून ठेवले होते, की आपल्या मुलखात किमान एक शाळा नाही असे गाव क्वचितच सापडेल. मला या साऱ्यात बुद्धिपुरस्सर कपट दिसत नाही. गेली ती सवय होती, परत आली ती व्यवस्था. सवयीचा चेहरा व्यवस्थेत कुणालाच ओळखू आला नाही.

पण ओसरीवर बसायलाच ज्यांना जागा नव्हती त्यांचे काय? मुली तिथे जवळजवळ नव्हत्या. अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांना दार बंद होते. चार मुलांनी एकत्र बसून एकमेकांचे अडलेले सोडवायचे, तर आधी चौघे एकत्र बसता आले पाहिजेत. म्हणून एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीशिक्षणाच्या कितीतरी कहाण्या एकास एक शिकवणीने सुरू होतात, आणि ती शिकवणी सवंगड्याची नव्हे, नवऱ्याची. जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवले. १८७३ मध्ये लग्न होऊन आलेल्या अकरा वर्षांच्या रमाबाईंना न्यायमूर्ती रानडे शिकवू लागले, तेव्हा घरातल्या बायकांचा रोष रमाबाईंनाच सोसावा लागला. गोपाळराव जोशी आनंदीबाईंना शिकवताना मारहाणही करीत. एकास एक म्हणजे आपोआप प्रेमळ, असे नाही. तिथे साक्षीला दुसरे मूल नसते.

या मालिकेत एक कहाणी वेगळी आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या लहान वयाच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्याबद्दल उडुपीला पंडितांपुढे त्यांना आपल्या कृतीचे समर्थन करावे लागले. पुढे धाकट्या मुलीला, म्हणजे १८५८ मध्ये जन्मलेल्या पंडिता रमाबाईंना, शिकवण्याची वेळ आली तेव्हा शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते. ते काम लक्ष्मीबाईंकडे आले. दिवसभर घरकामातून सवड नसे. म्हणून त्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, मुलीला झोपेतून उठवून जवळ घेत आणि संस्कृतचा पाठ देत.