सूर्यमालेचा गृहपाठ : सीहोर ते होशंगाबाद

सहावी ते आठवीच्या वर्गांत सूर्यमालेचा प्रकल्प म्हटला की थर्मोकोलचे गोळे, पोस्टर रंग, तार आणि काळ्या कागदाने मढवलेले खोके डोळ्यांपुढे उभे राहते. मधोमध पिवळा सूर्य, त्याच्याभोवती ओळीने ग्रह, शनीला पुठ्ठ्याचे कडे. भाषा बदलते, राज्य बदलते, शिक्षण मंडळ बदलते. खोके तेच राहते. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोला बटुग्रहांत ढकलले, तेव्हा एक गोळा कमी झाला, एवढाच काय तो फरक. (नऊ ग्रह होते तोवर त्यांची आपल्या नवग्रहांशी गल्लत सहज होई. वास्तविक नवग्रहांत सूर्य आणि चंद्र आहेत, राहू-केतू आहेत, आणि पृथ्वी नाही. दोन याद्या एकच नाहीत.)

या खोक्यातील अंतरे खोटी असतात हे शिक्षकांनाही ठाऊक असते. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर असे प्रमाण धरले, तर सूर्य सुमारे चौदा सेंटिमीटरचा, एखाद्या मोठ्या डाळिंबाएवढा होतो. पृथ्वी त्याच्यापासून पंधरा मीटरवर ठेवलेला मोहरीचा दाणा, आणि चंद्र त्या दाण्यापासून जेमतेम चार सेंटिमीटरवर, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. गुरू अठ्ठ्याहत्तर मीटरवरची छोटी गोटी. नेपच्यून साडेचारशे मीटरवर, म्हणजे बहुतेक शाळांच्या कुंपणाबाहेर. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा याच प्रमाणात चार हजार किलोमीटरवर येईल. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आहे.

तरीही प्रमाणाचा दोष किरकोळ म्हणावा लागेल. खोक्याचा खरा दोष असा की ते सूर्यमाला जिथून दाखवते तिथे कुणीही उभे नाही. मूल उभे असते जमिनीवर. त्याला सूर्य उगवताना आणि मावळताना दिसतो, पायांखालची जमीन स्थिर वाटते, चंद्र रोज आकार बदलतो. या दिसण्यापासून त्या खोक्यापर्यंत जाण्याची वाट कोणती, हा प्रश्न गृहपाठात नसतो. भारतात हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला असे दोन प्रसंग एकमेकांपासून जवळजवळ दीडशे वर्षांच्या अंतरावर आहेत. नकाशावर मात्र ते शेजारी आहेत : एक नर्मदेच्या उत्तरेला सीहोर येथे, दुसरा दक्षिणेला होशंगाबाद जिल्ह्यात.

१८३० च्या दशकात सीहोर ही भोपाळ संस्थानाजवळची इंग्रजांची छावणी होती. तेथील कंपनी सरकारचा अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन याने तेथील शाळेत खगोल शिकवण्याचा एक वेगळा मार्ग धरला. युरोपीय पुस्तकांची भाषांतरे मुलांपुढे ठेवण्याऐवजी त्याने भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ हाती घेतला. १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने आपली भूमिका मांडली. तिचे सार असे : पुराणांतील सपाट पृथ्वी आणि मेरू पर्वत यांचे खंडन बाहेरून करण्याची गरज नाही, ते सिद्धान्तकारांनी स्वतःच केलेले आहे. पृथ्वी गोल आहे, ती कशावरही टेकलेली नाही, तिचा घेर मोजता येतो, ग्रहणे सावल्यांमुळे होतात, हे सर्व बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात युक्तिवादासह आहे. विद्यार्थी तेथपर्यंत पोचला की सूर्य मध्यभागी ठेवण्याची पायरी फार उंच राहत नाही.

विल्किन्सनच्या हेतूंत वसाहतवादी अधिकाऱ्याचा अहंकार नव्हता असे मुळीच नाही. सिद्धान्त त्याला हवे होते ते कोपर्निकसपर्यंत नेणारी शिडी म्हणून. पण अध्यापक म्हणून त्याची नजर तीक्ष्ण होती. भास्कराचार्यांचा गोलाध्याय मुळात प्रश्न विचारत शिकवणारा ग्रंथ आहे. पृथ्वी गोल असेल तर सपाट का दिसते? कारण परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो आणि माणूस तर त्याहूनही फार लहान. पृथ्वीचा घेर कसा काढायचा? उज्जैन विषुववृत्तापासून घेराच्या सोळाव्या भागावर आहे, असे गणिताने येते. तेवढे अंतर मोजा आणि सोळाने गुणा. सोळावा भाग म्हणजे साडेबावीस अंश. उज्जैनचा अक्षांश आज सुमारे २३.२ अंश मोजला जातो. हा अंश कुठून येतो? जमिनीत उभ्या रोवलेल्या काठीच्या, म्हणजे शंकूच्या, विषुवदिनी मध्यान्ही पडणाऱ्या सावलीवरून. सीहोरचा अक्षांशही जवळपास तोच. ग्रंथातले उदाहरण शाळेच्या अंगणात पडताळता येण्याजोगे होते.

या शाळेच्या परिसरात मराठी विद्वानांच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी घडल्या. सुबाजी बापू या पंडितांनी पौराणिक, सैद्धांतिक आणि कोपर्निकसप्रणीत अशा तिन्ही विश्वरचनांची तुलना करणारा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ १८३६ मध्ये मराठीत लिहिला. आधुनिक सूर्यमालेची चर्चा करणाऱ्या आरंभीच्या मराठी ग्रंथांत त्याची गणना करावी लागेल, आणि तो मुंबई-पुण्यातल्या नव्हे, तर माळव्यातल्या एका शाळेच्या गरजेतून निर्माण झाला. याच वर्तुळात ओंकार भट्ट यांचे ‘भूगोलसार’ हिंदीत झाले. दुसरी गोष्ट बापूदेव शास्त्री यांची. पुण्यात जन्मलेल्या या मुलाला विल्किन्सनने सीहोरला आणले. पुढे १८४२ मध्ये ते बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. विल्किन्सनने केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले ते बापूदेवांनी सुधारून.

ते पाहायला विल्किन्सन उरला नव्हता. १८४१ मध्येच त्याचा मृत्यू झाला होता आणि सीहोरचा प्रयोग त्याच्यानंतर फार काळ तग धरू शकला नाही. इंग्रजी शिक्षणाचा जो साचा देशभर पसरला त्यात सूर्यमाला निष्कर्ष म्हणून आली : पृथ्वी सूर्याभोवती फिरते, पाठ करा. वाद नाही, पुरावा नाही, काठी नाही.

या पाठांतराची खोली एका दुपारी दिसून आली. १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आंध्र ओलांडून ओडिशापर्यंत गेली. ग्रहणाची आकृती तोवर कित्येक पिढ्यांनी शाळेत काढलेली होती. तरी त्या दुपारी शहरांतले रस्ते ओस पडले, आणि लोकांनी घरातच थांबावे म्हणून दूरदर्शनने चित्रपट दाखवला. डोळ्यांची काळजी हे कारण खरे होते. पण भीती तेवढ्यापुरती नव्हती.

ही दुपार उजाडली तेव्हा नर्मदेच्या दक्षिणेला दुसरा प्रयोग आठ वर्षांचा झाला होता. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञान शिकवण्याचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडी भागातील किशोर भारती या दोन संस्था त्यामागे होत्या. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधन सोडून आलेले. त्या संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिकांनी पाठ्यक्रम रचायला, शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला हातभार लावला. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला; १९८२ मध्ये त्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. शेवटी तो पंधरा जिल्ह्यांतील शेकडो शाळांपर्यंत पोचला होता, आणि त्या शाळा बहुतांशी ग्रामीण व सरकारी होत्या.

‘बाल वैज्ञानिक’ हे त्याचे पुस्तक. त्यात उत्तरे जवळजवळ नसत. प्रयोग करा, नोंद करा, वर्गात वाद घाला, मग निष्कर्ष लिहा, असा त्याचा क्रम. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायला परवानगी होती, कारण पुस्तकात पाहून उतरवण्यासारखे काही नव्हते. मनात आलेले कोणतेही प्रश्न मुलांनी पत्राने विचारावेत म्हणून ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. पत्रांना खरोखर उत्तरे जात.

या पुस्तकातील खगोलाच्या पाठाचे नाव ‘आकाश की ओर’. नावातच दिशा आहे : आकाशाकडून नव्हे, आकाशाकडे. पाठ सुरू होतो ग्रहांच्या यादीने नव्हे, तर सावलीने, चंद्राने, ताऱ्यांनी. सीहोरमध्ये ग्रंथातून अंगणात आलेली काठी येथे थेट अंगणातच रोवली गेली. होशंगाबादचा अक्षांश सुमारे २२.७५ अंश, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला. म्हणजे वर्षातून दोनदा, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिल्या खेपेला शाळेला सुट्टी आणि दुसऱ्या खेपेला आभाळात ढग, ही भूगोलाची थट्टाच म्हणायची. पण बाकीचे दहा महिने सावली लांबते, आखडते आणि शिकवते.

चंद्राचे निरीक्षण त्याहून फलदायी. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, ही समजूत जगभर आढळते. सुशिक्षित प्रौढांतही ती मुबलक आहे. खोक्यातल्या प्रतिकृतीने ती दूर होत नाही, उलट पक्की होण्याची भीती असते, कारण तिथे पृथ्वी आणि चंद्र चिकटून बसलेले असतात. महिनाभर चंद्र पाहणाऱ्या मुलाला मात्र ती टिकवणे अवघड जाते. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास. शुद्ध अष्टमीला दुपारी अर्धा चंद्र पूर्वेला आणि सूर्य पश्चिमेकडे, दोघे एकाच वेळी आकाशात असतात. त्यांच्यातला कोन साधारण काटकोन. पृथ्वीची सावली तर सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला पडते. मग ती या चंद्रावर पोचेल कशी? त्याच उन्हात मातीचा गोळा चंद्राच्या दिशेने हात लांबवून धरला तर गोळ्याचाही अर्धाच भाग उजळलेला दिसतो, आणि तोही चंद्राचा उजळतो त्याच बाजूचा. एका लिंबाएवढ्या गोळ्यात आणि चंद्रात एकच भूमिती आहे, हे मुलाला स्वतःच्या हातात दिसते.

खेड्यातल्या मुलाला येथे एक अनपेक्षित लाभ होता. घरात तिथी पाळली जाई, एकादशी-चतुर्थी ठाऊक असे, रात्री अंधार असे. खगोलात तो शहरी मुलाच्या मागे नव्हता. पाठ्यपुस्तकाने त्याला मागे ठरवले होते. पुढे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास आणि शमीन पाडळकर यांनी महाराष्ट्रातील ग्रामीण, आदिवासी आणि शहरी वस्त्यांतील मुलांसोबत काम केले, तेव्हा याच दुखण्याची दुसरी बाजू स्पष्ट झाली. पृथ्वी गोल आहे आणि फिरते हे मुले सांगू शकत. पण त्या गोलावर आपण कुठे उभे आहोत आणि तिथून आकाश कसे दिसेल, हे त्यांना जुळवता येत नसे. हातवारे, शरीराच्या हालचाली, आकृत्या आणि साध्या प्रतिकृती यांच्या साहाय्याने ती सांगड घालता येते, असे त्यांच्या कामातून दिसले. प्रतिकृती टाकाऊ नाही. ती निरीक्षणाच्या नंतर यायला हवी.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंद केला आणि त्याच्या जागी राज्यभरातील सामायिक अभ्यासक्रम आला. तीस वर्षे चाललेला, शासकीय शाळांतच रुजलेला प्रयोग एका आदेशाने संपला. तीनच वर्षांनी, २००५ मध्ये, यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला. पाठांतराऐवजी अनुभवातून ज्ञान घडवण्याचा त्याचा आग्रह होशंगाबादच्या शिक्षकांना नवा वाटण्याचे कारण नव्हते. त्या आराखड्यावर बेतलेल्या एनसीईआरटीच्या आठवीच्या विज्ञान पुस्तकात तारे आणि सूर्यमाला यांवर स्वतंत्र पाठ होता. कोविडनंतर अभ्यासक्रम हलका करताना २०२२ मध्ये तो गळाला.

आता नवी पुस्तके आली आहेत. सहावीत पृथ्वीपलीकडच्या विश्वावर, सातवीत पृथ्वी-चंद्र-सूर्यावर पाठ आहे. २०२५ च्या आठवीच्या पुस्तकातील पाठ आकाशावरून कालगणना कशी करतात याविषयी आहे. त्यात चंद्रकला आणि पंचांग एकत्र येतात. सीहोरच्या पंडितांना ही मांडणी ओळखीची वाटली असती. अडचण वेळापत्रकाची सांगितली जाते : शाळा दिवसा, आकाश रात्री. ती अर्धीच खरी आहे. शुद्ध सप्तमी-अष्टमीला पाच वाजता शाळा सुटते तेव्हा चंद्र जवळजवळ डोक्यावर आलेला असतो, सूर्य अजून मावळायचा असतो, आणि मैदानात मातीचा गोळा वळायला दोन मिनिटेही लागत नाहीत.