मावशी, मामा आणि १८९७चा कायदा

माझी आई मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ‘मावशी’ आहे. तिथे आयाबाईंना मावशी आणि वॉर्डबॉयना मामा म्हणतात. पेशंटला भांडं देणं, चादरी बदलणं, स्ट्रेचर ढकलणं, कुणी गेलं की बॉडी बांधणं, ही तिची कामं.

२०२०मध्ये पीपीई किट चढवलं की ड्युटी संपेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. घरी ती गॅलरीत झोपायची. ताट मी दारात ठेवायचो. २२ मार्चला अख्ख्या चाळीने थाळ्या वाजवल्या. पंधरा दिवसांत त्याच चाळीने तिला नळावर यायला मनाई केली.

तेव्हापासून मी जुन्या साथींबद्दल वाचायला लागलो.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पालिका रोग्यांना जबरदस्तीने आर्थर रोड हॉस्पिटलात हलवू लागली. (आजचं कस्तुरबा. मुंबईतले पहिले कोविड पेशंटही तिथेच आणले होते.) तिथे गेलेला परत येत नाही, अशी अफवा उठली. २९ ऑक्टोबरला शेकडो गिरणी कामगार हॉस्पिटलवर चालून गेले. मग पालिकेने नियम सैल केले. एक मोठी धास्ती होती, मैला उचलणारे हलालखोर शहर सोडून पळाले तर काय? म्हणजे त्यांची किंमत कळत होती बरं का!

पण फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला तो चार कलमांचा. सरकारला भरपूर अधिकार, अंमलबजावणी करणाऱ्यांवर दावा लावायला बंदी. पेशंट उचलणाऱ्याला कुणी मारलं, छळलं तर? एक शब्द नाही.

त्याच वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याहून प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. १० मार्चला त्या प्लेगनेच गेल्या. ते पाठीवर घेणं म्हणजे मामा-मावशींचंच काम ना?

कायद्यात ती भर पडली २२ एप्रिल २०२०च्या वटहुकुमाने. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला अजामीनपात्र ठरला, राहत्या जागी दिलेला त्राससुद्धा त्यात आला. १२३ वर्षं लागली! ५० लाखांच्या विम्यात वॉर्डबॉय, सफाई कामगारही होते. पण तो विमा माणूस गेल्यावरचा.

आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “कायदा राहू दे. त्या नळावर कुणीतरी माझ्या बाजूने बोलायला हवं होतं.”

मीही तेव्हा गप्पच होतो.